एसपीए११२ वरचा ऑटोमॅटिक कॉल-बॅक: पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमच्या अमळनेरच्या घरातला लँडलाइन नंबर टिकून आहे तो नानांमुळे. मोबाईलवर त्यांची बोटं चालत नाहीत. आता हा नंबर इंटरनेटवर चालतो: राउटरला सिस्कोचा एसपीए११२ अडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटवर चालवणारा छोटा डबा, आणि त्याला तोच जुना बटणांचा फोन. नानांना लागणारे नंबर मात्र कायम एंगेज. धुळ्याच्या दवाखान्यात सकाळी नंबर लावायचा म्हणजे रिडायल दाबत बसायचं. पावसाळ्यापासून ते काम अडॅप्टर करतो, आणि माझ्या मते या डब्यातली सगळ्यात उपयोगी सोय हीच आहे.

एंगेज टोन आला की रिसीव्हर ठेवायचा, पुन्हा उचलून स्टार ६६ दाबायचं, टोन ऐकून ठेवून द्यायचा. अडॅप्टर दर ३० सेकंदांनी तो नंबर लावत राहतो आणि पलीकडे रिंग गेली की आपला फोन वाजवतो. अर्ध्या तासात जमलं नाही तर नाद सोडतो. मध्येच थांबवायचं तर स्टार ८६. स्टार ६९ वेगळं. ते शेवटी ज्याचा फोन आला होता त्याला लावतं.

सेटिंगसाठी फोनवरून चार वेळा स्टार, मग ११० आणि हॅश दाबा. अडॅप्टर आपला आयपी पत्ता बोलून सांगतो, तो ब्राउझरमध्ये टाका. व्हॉइस मेनूतल्या लाइन १ च्या पानावर 'कॉल बॅक सर्व्ह' चालू हवं. कोड आणि वेळा रीजनल पानावर आहेत: मुदत १८०० सेकंद, फेरप्रयत्न ३० सेकंद. मी त्या तशाच ठेवल्या. आधीच गर्दी असलेल्या दवाखान्याच्या लाइनवर दर पाच सेकंदांनी धडकणं बरं नव्हे. युजर १ च्या पानावर कॉल-बॅकची रिंग वेगळी निवडता येते, ती नक्की निवडा. ती रिंग आली की नाना आता स्वैपाकघरापर्यंत ओरडतात, "उचला, तठे वाजी ऱ्हायनं!"

घाई करावीच लागते. आपल्या फोनबरोबर पलीकडचाही वाजत असतो. त्यांनी आधी उचलला तर त्यांना कुणाचाच आवाज येत नाही आणि ते ठेवून देतात. म्हणून स्टार ६६ दाबल्यावर फोनजवळच बसायचं.

मोठी मर्यादा मोबाईलची. अडॅप्टरला पलीकडून एसआयपीचा (इंटरनेटवर कॉल जोडण्याच्या पद्धतीचा) ४८६, म्हणजे 'बिझी' असा निरोप यावा लागतो. कॉल वेटिंग चालू असलेला मोबाईल तो देतच नाही, सरळ रिंग जाते. काही ठिकाणी 'व्यस्त आहे'ची टेप ऐकवतात, तिलाच अडॅप्टर रिंग समजतो आणि आपल्याला उगाच उठवतो. लँडलाइनवर मात्र या सोयीने आम्हाला क्वचितच निराश केलं.

जुन्या फोनच्या बुडाशी पल्स-टोनचं बटण असेल तर ते टोनवर ठेवा, पल्सवर स्टार जातच नाही. आणि उन्हाळ्यात इकडे लाइट जाते तेव्हा राउटरबरोबर अडॅप्टरही मिनी यूपीएसवर हवा. याला ५ व्होल्ट लागतात, राउटरला बहुधा १२, तेव्हा दोन्ही आउटपुट असलेलाच घ्या.

हे मॉडेल आता बहुतेक वापरलेलंच मिळतं. पैसे देण्याआधी अ‍ॅडमिन पासवर्ड चालतो का ते समोर बसून बघा. एखाद्या सेवा कंपनीने लॉक केलेला नग असेल तर रीजनल पान उघडणार नाही.