मरीन ड्राइव्हला उतरायचं कुठे: चर्चगेट की चर्नी रोड?

चर्चगेटला फास्ट लोकल जाते, आता मेट्रो ३ सुद्धा. वीर नरिमन रोडने पश्चिमेला सरळ चालत सुटलं की थोड्याच वेळात समुद्र. सोय म्हणाल तर हेच.

चर्नी रोडला बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत, स्लो पकडावी लागते. पण पश्चिमेला पूल उतरलात की समोर गिरगाव चौपाटीच! माझं मत चर्नी रोडलाच. साडेपाचला उतरावं, भेळ खावी (तिखट जास्त सांगून) आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून कठड्याकडेने दक्षिणेकडे निघावं. सूर्यास्त वाटेतच मिळतो. परतीची गाडी मात्र चर्चगेटहूनच, तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून जा. लाटा थेट फुटपाथवर येतात.