पुठ्ठ्याची पुस्तकं की पातळ पानांची?

दोन वर्षांच्या लेकीसाठी वाचनालयातून जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणावीत की पातळ पानांची चित्रपुस्तकं, असं मैत्रिणीनं विचारलं. मुखपृष्ठावर छापलेल्या वयोगटाकडे मी तरी बघतच नाही.

टिकाऊपणात पुठ्ठ्याचं पुस्तक सरळ पुढे. मूल ते ओढतं, आपटतं, चावतं; ओलसर फडक्यानं पुसलं की झालं. भिजलं मात्र की कोपरे फुगतात, थर सुटतात. पातळ पान घाईत ओढलं की शिवणीपाशी फाटतं. फाटलंच तर घरची चिकटपट्टी लावू नका, ती पुढे पिवळी पडते. परत देताना ग्रंथपालांना सांगावं, हे बरं.

गोष्टीच्या बाबतीत पारडं उलट. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं, त्यामुळे गोष्टीत गोंधळ उडायला आणि निस्तरायला जागा असते; पान उलटण्याआधी 'आता काय होणार?' म्हणून थांबता येतं. पुठ्ठ्याच्या पुस्तकात पानं कमी. गाजलेली गोष्ट पुठ्ठ्यात आणताना कधीकधी मजकूरही कापलेला असतो. शिवाय वाचायचं मोठ्यांनाच! 'पुन्हा वाच' सुरू झालं की 'हा चेंडू, ही मांजर' वाचून आपणच आधी जांभया देतो.

पुस्तक अजून तोंडात जात असेल किंवा मूल एकटंच त्याच्याशी खेळणार असेल, तर पुठ्ठ्याचं. मांडीवर बसून ऐकणाऱ्याला पातळ पानांचं. मैत्रिणीला मी दिवसासाठी दोन पुठ्ठ्याची आणि झोपतानासाठी एक चित्रपुस्तक सुचवलं, तेही एरवी वरच्या फळीवर ठेवायच्या बोलीवर.