53व्या रस्त्यावरच्या दोन संध्याकाळी

मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे आणि 53व्या रस्त्याच्या कोपऱ्याला लागून एड सुलिव्हन थिएटर आहे. तिथून त्याच रस्त्याने पूर्वेकडे चालत निघालात, सातवा आणि सहावा अ‍ॅव्हेन्यू ओलांडलात, की पाचव्या अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर सेंट टॉमस चर्च लागते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मुलीला भेटायला न्यूयॉर्कला गेले होते. रविवारी मी तिला चर्चमध्ये नेले आणि सोमवारी तिने मला विनोदवीर स्टीव्हन कोल्बेअरच्या ‘लेट शो’ या टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला, त्या थिएटरमध्ये नेले. दोन्हीकडे प्रवेश फुकट होता. दोन्हीबद्दल एकत्रच लिहिते, कारण आम्हा मायलेकींत दोन दिवस जो वाद चालला होता तो याच दोन इमारतींचा होता.

आधी माझी बाजू सांगते. मी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली ख्रिस्ती आहे, पण सेंट टॉमस ज्या एपिस्कोपल चर्चचा भाग आहे त्यातली नाही. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इथल्या ‘चर्च ऑफ इंग्लंड’चे एपिस्कोपल चर्च झाले. 2003 मध्ये न्यू हॅम्पशरने जीन रॉबिन्सन यांना बिशप केले. ते पुरुष जोडीदारासोबत उघडपणे राहत होते. त्यानंतर अनेक मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चचे समाज, बाहेर पडल्या आणि 2009 मध्ये ‘अँग्लिकन चर्च इन नॉर्थ अमेरिका’ उभे राहिले. व्हर्जिनियातली आमची मंडळी त्यात आहे. बाहेर पडण्याची किंमत होती. एपिस्कोपल चर्चचा 1979 चा नियम असा, की मंडळीची इमारत ही डायोसिससाठी (बिशपच्या प्रांतासाठी) आणि सबंध चर्चसाठी राखलेली ठेव. माणसे गेली तरी इमारत मागे राहते. आम्ही शाळेच्या जिममध्ये जमतो. रविवारी सकाळी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, बास्केटबॉलच्या जाळीखाली वेदी लावायची, दुपारी सगळे उचलून व्हॅनमध्ये भरायचे. विवाहाबद्दल पवित्र शास्त्र जे शिकवते ते सोडायचे नाही म्हणून आम्ही हे पत्करले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पत्करू.

त्यामुळे सेंट टॉमसच्या पायऱ्या चढताना माझ्या पोटात गोळा आला होता. आत गेले आणि वेदीमागची ती दगडी भिंत दिसली. सुमारे 80 फूट उंच, फिकट रंगाची, खालपासून वरपर्यंत संतांच्या आणि प्रेषितांच्या मूर्ती, मध्ये क्रूस. 1913 पासून उभ्या असलेल्या या इमारतीत बाहेरच्या पाचव्या अ‍ॅव्हेन्यूचा एक आवाज येत नाही. दारात एकाने पुस्तिका हातात दिली, जागा दाखवली, कोण, कुठल्या, काही विचारले नाही. माझ्यासारख्या आगंतुकाला हे फार बरे वाटले.

इव्हनसाँग म्हणजे गाऊन केलेली संध्याकाळची प्रार्थना. प्रवचनासाठी जायचे ठिकाण हे नव्हे. गायकवृंदात मोठे पुरुष आणि लहान मुलगे. हे मुलगे चर्चच्याच निवासी शाळेतले, आणि ती शाळा 1919 मध्ये सुरू झाली. आठ-दहा वर्षांचे एक पोर, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडले तर आवाज थेट छताला. आपण गायचे नसते. उभे राहायचे, बसायचे, गुडघे टेकायचे आणि ऐकायचे. आमच्या मंडळीत सगळे मोठ्याने गातात, मला त्याचीच सवय, तरी इथे गप्प बसण्यातही प्रार्थना घडत होती.

मग मरीयेचे स्तोत्र आले. येशूच्या आईचे, बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायातले, रोज संध्याकाळी म्हणायचे. माझी आई ते मराठीत म्हणायची, त्यामुळे इंग्रजी सूर कानात आणि मराठी शब्द मनात असे दोन्ही बरोबर चालले होते. देवाने अधिपतींना आसनावरून खाली ओढले, दीनांना उंच केले, भुकेल्यांना तृप्त केले आणि धनवानांना रिकाम्या हाताने पाठवून दिले. मुलीने माझ्या कोपराला हलकेच ढोसले. बाहेर आल्यावर म्हणाली, “आई, सत्ताधाऱ्यांना खाली ओढायचे हेच तर कोल्बेअर रोज रात्री करतो. मग त्याच्यावर तुझा एवढा राग का?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. सोमवारी थिएटरमध्ये बसल्यावर ते हळूहळू सुचत गेले.

चित्रीकरणाचे तिकीट ऑनलाइन मागावे लागले, ओळखपत्र न्यावे लागले, वेळेच्या बरेच आधी रांगेत उभे राहावे लागले. तिकीट म्हणजे जागेची हमी नव्हती, कारण जागांपेक्षा जास्त तिकिटे दिलेली असत. आत फोन बंद. आधी एका वेगळ्या विनोदवीराने येऊन लोकांना हसते केले, बँड वाजला, टाळ्यांचा सराव झाला. पण मला आश्चर्य वाटले ते इमारतीचे. 1927 मध्ये आर्थर हॅमरस्टाइन यांनी वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेले हे नाट्यगृह आतून गॉथिक आहे. टोकदार कमानी, घुमट, रंगीत काचा. 2015 मध्ये कोल्बेअर आला तेव्हा घुमट आणि काचा पुन्हा उजेडात आणल्या. मी मान वर करून बघत बसले. कालचीच इमारत, फक्त वेदीच्या जागी टेबल.

कोल्बेअर माणूस म्हणून मला आवडतो, हे मुलीला मी आधीच सांगितले होते. तो श्रद्धावान कॅथलिक आहे, त्याने संडे स्कूल शिकवले आहे. 11 सप्टेंबर 1974 रोजी विमान अपघातात त्याचे वडील आणि दोन भाऊ गेले, तेव्हा तो 10 वर्षांचा होता. 2019 मध्ये पत्रकार अँडरसन कूपरशी बोलताना त्याने सांगितले होते, की जगणे ही देणगी आहे असे म्हणायचे तर जगण्याबरोबर येणाऱ्या दुःखासह सगळ्याबद्दल कृतज्ञ राहावे लागते. मी नर्स आहे, मृत्यूच्या खोलीत रोज जाते, आणि टीव्हीवर इतके खरे ख्रिस्ती बोलणे मी क्वचित ऐकले आहे. चित्रीकरणाआधी तो प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असे. ती काही मिनिटे मला सबंध संध्याकाळीत सर्वांत चांगली वाटली. नेमकी ती टीव्हीवर दाखवत नसत.

मग मोनोलॉग, म्हणजे सुरुवातीचे त्याचे एकट्याचे विनोदी भाषण, सुरू झाले. विषय राष्ट्राध्यक्ष ट्रम्प, बहुतेक रात्री असे तोच. विनोद चांगले घडवलेले होते, दोन वेळा मीही मोठ्याने हसले. पण आजूबाजूला बघितले. ज्याच्यावर हसत होतो तो माणूस तिथे नव्हता, त्याला मत देणारे बहुधा नव्हते, आणि हसणाऱ्यांपैकी कुणालाही, मला धरून, स्वतःकडे वळून बघायची वेळ आली नाही. टाळ्या हशापेक्षा मोठ्या होत्या. विनोदाला हशा यावा. टाळ्या आल्या की समजायचे, लोकांना आपलेच मत परत ऐकायला मिळाले आहे.

मरीयेचे स्तोत्र गाणारे लोकही अधिपती खाली ओढले गेल्याचे गातात, पण ते स्वतः गुडघे टेकणारे असतात. प्रार्थनापुस्तकातली संध्याकाळची प्रार्थना पापकबुलीने सुरू होते आणि तिथे बोलणारा ‘आम्ही’ असतो. आम्ही चुकलेल्या मेंढरांप्रमाणे भटकलो. गाऊन होणाऱ्या उपासनेत ही कबुली अनेक मोठ्या चर्चांतून गाळतात, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. कबुली गाळली की मरीयेचे स्तोत्रही दुसऱ्यांबद्दलचेच होऊन बसते.

जॉनी कार्सनने 1962 ते 1992 अशी 30 वर्षे असाच कार्यक्रम केला, आणि तो कुणाला मत देतो हे लोकांना कळत नसे. माझ्या बाजूच्या लोकांना वाटते की याला उपाय म्हणजे उजव्या विचारांच्या फॉक्स वाहिनीवर रात्री 10 वाजता लागणारा ग्रेग गटफेल्डचा कार्यक्रम. मी तो महिनाभर पाहिला आणि सोडला. तिथेही गैरहजर माणसावरच हसतात, फक्त माणसे बदललेली. उजवीकडून केलेला तिरस्कार हा ख्रिस्ती तिरस्कार होत नाही. जुलै 2025 मध्ये सीबीएस वाहिनीने ‘लेट शो’ मे 2026 मध्ये बंद करणार असे जाहीर केले, कारण आर्थिक असल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या मंडळीत काहींनी आनंद व्यक्त केला. मला तो रुचला नाही, आणि मी तसे तोंडावर सांगितले.

चर्च आणि हे कार्यक्रम एकमेकांत मिसळतात तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे मुलीने काढली. पहिले 2018 चे. प्रिन्स हॅरीच्या विंडसरच्या राजविवाहात एपिस्कोपल चर्चचे प्रमुख बिशप मायकेल करी यांनी प्रीतीवर दणदणीत प्रवचन दिले, आणि त्याच रात्री ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात केनन टॉमसनने त्यांची नक्कल केली. ती मायेची नक्कल होती. करींशी माझे मतभेद मोठे आहेत, पण नक्कल बघून त्यांच्याबद्दल आदरच वाढला. दुसरे 21 जानेवारी 2025 चे. वॉशिंग्टन नॅशनल कॅथीड्रलमध्ये बिशप मेरीअ‍ॅन बडी यांनी समोर बसलेल्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडे समलिंगी मुलांसाठी आणि स्थलांतरितांसाठी दया मागितली. राष्ट्राध्यक्षांनी माफीची मागणी केली. विवाहाबद्दलची बडींची शिकवण मला मान्य नाही. पण राजाच्या तोंडावर दया मागणे हे बिशपचे कामच आहे, बायबलमधल्या नाथान संदेष्ट्यानेही दावीद राजाला त्याचे पाप तोंडावर सांगितले होते. माझे म्हणणे इतकेच, की ते प्रवचन रात्रीच्या कार्यक्रमांत गेले आणि दयेची विनंती एका बाजूचा विजय होऊन बसली. विनंती करणारीचा स्वर किती मऊ होता हे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

आता निवाडा. थिएटरला पाचपैकी तीन. इमारत, बँड आणि ती आधीची प्रश्नोत्तरे यांसाठी जाणे सार्थकी लागले. रांगेत थंडी मात्र वाजली. सेंट टॉमसच्या इव्हनसाँगला पाच. त्या चर्चच्या संप्रदायाला मी पाच देऊ शकत नाही. 2015 मध्ये एपिस्कोपल चर्चने समलिंगी विवाहाचे विधी मंजूर केले आणि माझ्यासाठी तो रस्ता तिथे संपला. मी न्यूयॉर्कला होते त्याच महिन्याच्या 3 तारखेला सारा मुलाली यांचे नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वोच्च धर्मगुरुपदासाठी, जाहीर झाले, या पदावर पहिल्यांदाच स्त्री. 16 तारखेला गॅफकॉन या परंपरावादी अँग्लिकनांच्या जागतिक संघटनेच्या वतीने रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी कँटरबरीशी असलेले जुने नाते संपल्यासारखेच जाहीर केले. माझी सहानुभूती रवांडाकडे आहे. पण स्त्रियांच्या दीक्षेबद्दल आमच्याही घरात एकमत नाही. आमच्या काही डायोसिस स्त्रियांना पाळकाची दीक्षा देतात, काही देत नाहीत, बिशप मात्र कुणीच करत नाही. मुलीने हे बरोबर पकडले आणि माझ्याकडे चोख उत्तर नव्हते.

निघताना सबवेच्या पायऱ्यांवर ती म्हणाली, थँक्सगिव्हिंगला घरी आले की तुमच्या जिममध्ये येते, बघू तरी कबुली कशी म्हणता ते. मी म्हटले, ये, पण साडेसातला ये. खुर्च्या मांडायला माणसे कमी पडतात.