छातीतली धडधड कुठे न्यायची: सिव्हिल, धारवाड, कोल्हापूर की मोबाईल?

रात्री झोप नाही. सकाळी कॉलेजची बस दिसली की पोटात गोळा, छातीत धडधड, हात गार. घरच्यांनी दृष्ट काढून बघितली, ईसीजी काढून बघितला. तो नॉर्मल आला आणि "काही झालेलं नाही तुला" म्हणून विषय मिटला. खानापूर-निपाणीपासून बेळगावच्या वडगाव-शहापूरपर्यंत अशा मुली कमी नाहीत. चिंतेचे आजार बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात आणि पुष्कळदा वयात येताना किंवा विशीतच सुरू होतात. बोलून करायच्या उपचाराचा त्यावर उपयोग होतो, यात आता वाद उरलेला नाही. आपल्या भागात अडतं ते पुढे: हा उपचार घ्यायचा कुठे?

माझं मत आधीच सांगते. चिंतेवरच्या थेरपीचा कोर्स साधारण १२ ते १५ सत्रांचा असतो, आठवड्याला एक. म्हणून "सगळ्यात नावाजलेलं कोण?" हे नंतर विचारा. आधी बघा, सलग तीन महिने तुम्हाला कुठे जाता येईल. पहिल्या भेटीला सगळ्याच जातात. पाचव्या भेटीच्या आठवड्यात घरात साखरपुडा निघतो, इंटर्नल्स येतात, सोबतीला कुणी मिळत नाही, आणि तिथे गाडी थांबते ती कायमची.

त्याच्याही आधी एक काम करा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली किंवा रक्त बरंच कमी असलं तरी अशीच धडधड होते, आणि तिच्यावर गप्पांचा इलाज चालत नाही.

थेरपीत होतं काय

चिंतेसाठी सगळ्यात जास्त पारखलेली पद्धत म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात ती उभी केली. आपल्याकडच्या मुलीवर ती कशी चालेल, ते बघा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला एकदम इंग्रजी, ऑफिसच्या खिडकीवर कन्नड. मुलीच्या मनात पक्कं बसतं: मी तोंड उघडलं की सगळे हसणार. चांगली थेरपिस्ट तिला "नाही गं, कुणी हसत नाही" असा धीर देत बसत नाही. ती वही काढायला लावते. काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती वाटली, तसंच होईल याचा पुरावा काय. मग एक छोटा प्रयोग ठरतो: या आठवड्यात खिडकीवर मोडक्या कन्नडमध्ये एकच वाक्य बोलायचं आणि किती जण हसले ते मोजून यायचं. पुढच्या आठवड्यात दोन वाक्यं.

टाळलं की त्या क्षणी सुटका होते, पण भीती आणखी घट्ट होते. समोर उभं राहिलं की धडधड चढते आणि काही वेळानं आपोआप उतरते. पॅनिकचा झटकासुद्धा बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग ओसरायला लागतो. हे नुसतं समजून भागत नाही, पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं. म्हणून गृहपाठ. तो न करणारीला दर आठवड्याला मन मोकळं केल्याचं समाधान मिळेल, फार तर तेवढंच.

चार वाटा

बेळगावचं सिव्हिल, म्हणजे बीम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं जिल्हा रुग्णालय, जवळ आहे आणि खिशाला परवडतं. मनोविकारतज्ज्ञाकडून निदान आणि गरज असेल तर औषध, यासाठी ते मला पहिलं वाटतं. पण कुठल्याही सरकारी ओपीडीत मागे रांग उभी असते. दर आठवड्याला पाऊण तास निवांत बोलायला मिळेल, या हिशेबाने तिथे जाऊ नका.

धारवाडचं डिमहान्स बेळगाव रोडलाच आहे. १८४५ साली वेड्यांचं इस्पितळ म्हणून ते सुरू झालं, त्यामुळे "धारवाडला नेणार" म्हटलं की जुनी माणसं दचकतात. त्यांचं मनावर घेऊ नका. आज ती मनोविकारांवर उपचार करणारी आणि त्याचं शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे, आणि शिकाऊ थेरपिस्ट मिळाली तरी तिच्या कामावर वरिष्ठांची नजर असते. एकट्याने दुकान थाटलेल्या कुणापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं. बेळगावहून अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसने फुकट जाता येतं, तेव्हा तिकिटाचा प्रश्न नाही. प्रश्न जाणाऱ्या दिवसाचा आहे, आणि व्यवहार बहुतेक कन्नडमध्ये चालतो त्याचा.

कोल्हापूर निपाणीकरांना चाळीसेक किलोमीटर, आणि सगळं मराठीत. निपाणीच्या मुलीने बेळगावकडे बघूच नये असं मी म्हणेन. बेळगावच्या मुलीला मात्र तेच कोल्हापूर शंभराच्या वर पडतं. शक्तीची सवलत राज्यातल्या प्रवासापुरती, तेव्हा तिकिटाचे पैसेही धरा. दर आठवड्याला हे जमत नाही. खाजगी थेरपिस्ट कुठलीही असो, एका सत्राची फी विचारून तिला बाराने गुणा आणि मगच हो म्हणा.

राहिला मोबाईल. पुण्या-ठाण्यातली मराठी थेरपिस्ट व्हिडिओवर मिळते, आणि चिंतेच्या बाबतीत व्हिडिओवरची सीबीटी समोरासमोरच्या इतकीच लागू पडते असं बहुतेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. अंतराची अडचण संपते, भाषेची संपते. घराची मात्र सुरू होते. तीन खोल्यांचं घर, मधल्या खोलीत आजी, स्वयंपाकघरात आई, आणि बोलायचंय नेमकं त्यांच्याबद्दलच. सत्रं यामुळे वाया जातात. मुलगी खालच्या आवाजात "हो, नाही, बरं आहे" एवढंच बोलते आणि थेरपिस्टला वाटतं, ही मोकळी होत नाही. मैत्रिणीची खोली, हॉस्टेल, सुटीच्या दिवशी कॉलेजचा रिकामा वर्ग, असं काहीतरी आधी ठरवा. इअरफोन लावून प्रश्न निम्माच सुटतो, कारण ऐकू तुमचंच जाणार असतं. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या गावांना रेंजचाही भरवसा नाही. त्यांनी सरळ बेळगावात येऊन बसावं.

मराठीच हवी का?

माझा कल मराठीकडे आहे, पण आंधळा नाही. घाबरताना मनात जे वाक्य उमटतं ते आईच्या भाषेत उमटतं, आणि सीबीटीचं सगळं काम त्या वाक्यावर चालतं. ते कन्नडात किंवा इंग्रजीत करून सांगताना त्याची धार जाते, आणि थेरपिस्टच्या हाती मवाळ झालेला मजकूर पडतो. तरी उलटंही घडतं. काही गोष्टी आपल्या भाषेत तोंडातून निघतच नाहीत, परक्या भाषेत सहज निघतात. त्यात बेळगावात मराठी काउन्सेलर शोधली की ती मावशीच्या भिशीतली निघते! कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. पण वेटिंगमध्ये बसलेल्या शेजारणीला तो कायदा लागू नाही. ओळखीची भीती मोठी असेल तर कन्नड बोलणारी अनोळखी थेरपिस्ट घ्या. घरातल्या कटकटीच मुळाशी असतील तर मराठी घ्या, लांबची असली तरी.

गोळी की बोलणं

घरचे बहुतेक गोळीच्या विरोधात असतात, "सवय लागेल" म्हणून. त्यात दोन वेगळ्या गोळ्यांची गल्लत आहे. चिंतेवर डॉक्टर महिनोन्‌महिने देतात ती एसएसआरआय गटातली औषधं. त्यांचा असर दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त मनाने एकदम बंद करायची नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या, अर्ध्या तासात गार करणाऱ्या गोळ्यांची. आणि गंमत अशी की गोळीला नाही म्हणणाऱ्या घरातच मामाच्या डब्यातली नेमकी हीच गोळी "झोपेसाठी" हातावर ठेवली जाते. घेऊ नका.

सौम्य ते मध्यम त्रासात नुसत्या थेरपीने सुरुवात करायला हरकत नाही. जेवण तुटलंय, घराबाहेर पाऊल पडत नाही, कित्येक रात्री डोळ्याला डोळा नाही, अशी अवस्था असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ, थेरपी बरोबरीने. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर हा आढावा बाजूला ठेवा, घरातल्या एका माणसाला आत्ता सांगा आणि १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, २० भाषांत, त्यात मराठीही. एवढी गंभीर अवस्था नसली तरी "मी कुठे जाऊ?" हे विचारायलाही हा नंबर चालतो.

फोन करताना विचारायचं

काउन्सेलरची पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणारीकडे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असायला हवी. नंबर मागा, त्यात उद्धटपणा नाही. औषध लिहून द्यायचा अधिकार मात्र तिला नाही, तो डॉक्टरचा. चिंतेसाठी कोणती पद्धत वापरता, साधारण किती सत्रं लागतील, हेही विचारा. "बघू, जसं जमेल तसं" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा. वय अठराच्या आत असेल तर पालकांची संमती लागते. आई तयार नसेल तर आत्या किंवा एखाद्या बाईंकरवी तिच्याशी बोलणं काढा.

पहिल्या दिवशी जीएडी-७ ही चिंता मोजणारी सात प्रश्नांची चाचणी भरून घ्यायला सांगा. गुण शून्य ते २१, दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. पाचव्या-सहाव्या सत्राला ती परत भरा. आकडा हललाच नसेल तर थेरपिस्टला तोंडावर विचारा, आता काय बदलायचं. तरीही जमलं नाही आणि धारवाड सोडून ऑनलाइन, किंवा ऑनलाइन सोडून कोल्हापूर करायचं ठरलं, तर निघण्याआधी आपले कागद मागून घ्या. २०१७च्या त्याच कायद्याने तो हक्क दिला आहे. नव्या जागी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.