43 इंची टीव्हीवर 35 इंची सिनेमा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा टीव्ही आणि त्याच सुमारास घेतलेली जागतिक चित्रपटांची वार्षिक वर्गणी, दोन्हींना आता आठ महिने झाले. पडद्याचा प्रकार, जोडण्यांची संख्या वगैरे तपशील वाचकांनी आधीच चाळलेले असणार, म्हणून त्यात शिरत नाही. आवाज बरा आहे, रिमोट टुकार आहे. मला लिहायचे आहे ते जुने चित्रपट पाहताना दोन्ही बाजूंना उरणाऱ्या काळ्या पट्ट्यांबद्दल, कारण या आठ महिन्यांत मी कोणत्याही नटापेक्षा त्यांच्याकडेच अधिक पाहिले आहे.

पहिल्याच रात्री जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (1953) लावला. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाबांनी पाचव्या मिनिटाला विचारले, “पैसे पूर्ण पडद्याचे दिलेस ना?” मी टेप आणून मोजले. पडद्याची रुंदी साडेसदतीस इंच आणि चित्राची अठ्ठावीस, म्हणजे प्रत्येक बाजूला पावणेपाच इंच काळोख. कर्ण मोजला तर चित्र 35 इंचांचेच भरत होते. आठ इंचांचे पैसे पाण्यात गेले, असा हिशेब त्याच रात्री मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘झूम’ सापडल्यावर घरात समाधान पसरले.

झूम लावला की चित्र कडेपर्यंत पसरते, पण त्या बदल्यात वरून आणि खालून मिळून उंचीचा चौथा हिस्सा पडद्याबाहेर जातो. ताटातली पोळी चतकोर कमी वाढली तर आमच्या घरात ताबडतोब लक्षात येते, परंतु चित्राची चतकोर तीन महिने कोणालाही कळली नाही. मला खटकत होते ते एवढेच की सबटायटलची दुसरी ओळ दिसत नसे. तो दोष मी वर्गणीच्या माथी मारला, कंपनीला चार खरमरीत ईमेल लिहिल्या आणि एक तारा देण्याची तयारीही केली. पोलंडच्या ‘इडा’मध्ये (2013) दिग्दर्शकाने माणसांना चौकटीच्या अगदी तळाशी ठेवून डोक्यावर पुष्कळ मोकळी जागा सोडली आहे. आमच्याकडे कित्येक प्रसंगांत त्या माणसांच्या हनुवट्या गायब होत्या, आणि मी मात्र ‘धाडसी छायाचित्रण’ म्हणून मित्रांपाशी त्याचे कौतुक करत होतो.

डोळे उघडले ते पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. एका फिल्म क्लबच्या खेळाला ‘टोकियो स्टोरी’च होता, आणि घरी पाहून झाला असूनही फुकट आहे म्हणून गेलो. ओझूचा कॅमेरा जमिनीलगत बसलेला असतो, त्यामुळे खोलीतल्या चटया, दारांच्या चौकटी आणि वरची छपराकडची पट्टी अशी सगळी खोली एकदम समोर येते. घरी मला त्या खोलीत गप्पा मारणारी माणसे दिसली होती. इथे म्हातारी-म्हातारा मुलाच्या घरात किती अवघडून बसले आहेत ते दिसले, कारण भोवतालची जागा शिल्लक होती. ओझूने 1962 मधल्या शेवटच्या चित्रपटापर्यंत रुंद पडद्याला हात लावला नाही, हे मला वाचून ठाऊक होते. त्याचा अर्थ त्या खुर्चीत बसल्यावर लागला.

वर्गणीवरचा राग इथे मागे घेतो; त्या चार ईमेलबद्दल दिलगीरही आहे. जुन्या चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी का, याचे उत्तर साधे आहे. 35 मिलिमीटरच्या फितीवर ध्वनीची पट्टी आल्यावर उरलेल्या जागेत बसणारा, उंचीच्या 1.37 पट रुंदीचा आकार अमेरिकेत 1932 मध्ये ठरला, आणि संग्रहालयापासून जवळच असलेल्या प्रभातच्या स्टुडिओत तयार झालेले चित्रपटही साधारण त्याच चौकटीतले आहेत. पुढे टीव्हीने तोच आकार उचलला म्हणून 1950 च्या दशकात सिनेमाने पडदा रुंद केला. आजच्या टीव्हीचा 16:9 हा आकार या दोन्हींमधला तह आहे, आणि तहात दोन्ही पक्षांच्या वाट्याला थोडे काळे येणारच.

आता खरी तक्रार. झूम बंद केला तरी तो बंद राहत नाही. वीज जाऊन आली की टीव्ही आपणहून पुन्हा झूमवर जातो, आणि पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार गुरुवार हे सांगायला नकोच. तंत्रज्ञ आला, म्हणाला, “काका, सॉफ्टवेअरच तसं आहे, याला बिघाड म्हणत नाहीत.” बिघाड नाही हे सांगण्याचे 450 रुपये त्याने घेतले. बिघाडच नव्हता तर भेटीचे शुल्क कसले, यावर मी ग्राहक सेवेशी तीन वेळा फोनवर भांडलो. पैसे परत मिळाले नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी मी रिमोटची सात बटणे दाबतो. (चित्र गुळगुळीत करण्याची सोयही तेव्हाच बंद करून घ्यावी, सेकंदाला 24 चित्रांच्या सिनेमात टीव्ही मनाने जादा चित्रे घुसडतो आणि कुरोसावासारख्या दिग्दर्शकाच्या सिनेमाची टीव्ही मालिका करून टाकतो.)

आठ इंचांचा प्रश्न मात्र एक पैसा न खर्चता सुटला. सोफा नऊ फुटांवर होता, तो सात फुटांवर ओढला. 35 इंचांचे चित्र आता पूर्वीच्या 43 इंचांएवढेच भरते. बाबांना हा हिशेब पटला, पण पट्ट्या काही पटल्या नाहीत.

मग गेल्या महिन्यात कॅनडाचा दिग्दर्शक झाव्हिए दोलानचा ‘मॉमी’ (2014) लावला. हा चित्रपट जवळजवळ पूर्ण चौरस चौकटीत आहे, म्हणजे आमच्या टीव्हीवर 21 इंचांचा चौकोन आणि बाकी सगळा अंधार. बाबांनी चष्मा काढून ठेवला होता. मध्यावर एका प्रसंगात तो मुलगा रस्त्यावरून येताना दोन्ही हात पसरून चौकटीच्या कडा ढकलतो आणि चित्र पडदाभर उघडते. बाबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “झालं बाबा एकदाचं नीट!” थोड्या वेळाने त्या घरात एक वाईट कागद येतो आणि दोन्ही पट्ट्या हळूहळू पुन्हा आत सरकतात. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

“आज गुरुवार नाही ना रे?”