एसडब्ल्यूपी की पोस्टाचं व्याज: बाजार पडलेला असताना घरखर्च कुठून काढायचा?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी किंवा नांदेसरीच्या खासगी कारखान्यातून साठीला निवृत्त होणाऱ्याच्या हातात पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुनी बचत मिळून एकरकमी पैसा येतो. ईपीएसचं (कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन मात्र किराण्यालाही पुरत नाही. धरून चालू की रक्कम 60 लाख आहे आणि पेन्शन वजा जाता घरखर्चाला दरमहा 30,000 कमी पडतात. दवाखान्यासाठीचे पैसे या 60 लाखांत धरायचे नाहीत, ते आधीच बाजूला काढलेले हवेत. आता मुलगा म्हणतो, म्युच्युअल फंडात टाका आणि एसडब्ल्यूपी (फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढण्याची सोय) लावा. शेजारचे काका म्हणतात, रावपुऱ्याचं पोस्ट सोडून कुठे जाऊ नका.

आधी एसडब्ल्यूपी. यात दरमहा ठरलेल्या तारखेला तुमची युनिट्स विकली जातात आणि पैसे बँकेत जमा होतात. हे व्याज नाही, तुमचाच माल विकून आलेले पैसे आहेत. एनएव्ही (एका युनिटचा भाव) 100 असताना 30,000 साठी 300 युनिट्स जातात. शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी जानेवारी 2020 मध्ये 12,362 वर बंद झाला होता, तो 23 मार्चला 7,610 वर आला. म्हणजे सुमारे 38 टक्के घसरण. तेवढीच घसरण तुमच्या फंडात झाली तर एनएव्ही 62 होते आणि त्याच 30,000 साठी 484 युनिट्स विकावी लागतात. बाजार वर आला तरी ती जास्तीची 184 युनिट्स परत येत नाहीत.

घसरण कधी येते यावर किती फरक पडतो, ते पाहा. 60 लाखांतून दर वर्षाच्या सुरुवातीला 3.6 लाख काढले. पहिल्या वर्षी बाजार 30 टक्के पडला आणि दुसऱ्या वर्षी मूळ जागी आला, तर हाती साधारण 51.26 लाख उरतात. हीच दोन वर्षं उलट क्रमाने आली, म्हणजे बाजार आधी सुमारे 43 टक्के चढून मग 30 टक्के पडला, तर 53.88 लाख. दोन वर्षांनी बाजार दोन्ही वेळा तिथल्या तिथेच, काढलेली रक्कमही तीच, तरी अडीच लाखांहून जास्त तफावत. म्हणून निवृत्तीनंतरची पहिली पाच-सात वर्षं सगळ्यात नाजूक. ‘सरासरी 12 टक्के मिळतात, तुम्ही 6 टक्केच काढताय’ या हिशेबात हीच गोष्ट दिसत नाही.

एसडब्ल्यूपीची खरी ताकद करात आहे. काढलेल्या रकमेतल्या फक्त नफ्यावर कर लागतो. इक्विटी (शेअर घेणाऱ्या) फंडात एक वर्षाहून जुन्या युनिट्सवरचा वर्षाला 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्याहून जास्तीच्या नफ्यावर 12.5 टक्के (23 जुलै 2024 पासूनचा नियम). पण पैसे टाकून पुढच्याच महिन्यात काढायला सुरुवात केली, तर अनेक फंडांत 1 टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) जातो आणि नफ्यावर 20 टक्के कर लागतो. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट (रोखे घेणाऱ्या) फंडाचा नफा तुमच्या उत्पन्नात मिळवला जातो, तिथे ही सवलत नाही. आणि ‘महिन्याला डिव्हिडंड देणारा फंड’ कोणी सुचवला, तर सरळ नाही म्हणा: डिव्हिडंडची खात्री नसते आणि त्यावर पूर्ण कर लागतो.

आता पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांची मर्यादा आहे. 2025 मध्ये दर 8.2 टक्के होता, आणि खातं उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं बदलत नाही. 30 लाखांवर तिमाहीला 61,500, म्हणजे महिन्याला 20,500 पडतात. बाजार कोसळो की उसळो, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या एक तारखेला ते येतात. मात्र व्याज बचत खात्यात आपोआप जमा होण्याची सूचना खातं उघडतानाच द्या, कारण न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही. एक वर्षाच्या आत खातं मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात, दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलाचा दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का.

पोस्टाची अडचण महागाई. 6 टक्क्यांनी खर्च वाढला तर आजचे 30,000 बारा वर्षांत 60,000 होतात, व्याज मात्र 20,500 वरच राहतं. पाच वर्षांनी मुदत वाढवताना त्या दिवशीचा दर लागू होतो, तो कमीही असू शकतो. साठीच्या माणसाला 25 वर्षांची सोय करायची असते, त्यामुळे काकांचं म्हणणं एकट्याने पुरत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: किराणा, वीज, औषधं व्याजावर चालवा आणि बाजारातलं काही पडत्या वर्षी विकावं लागणार नाही अशी रचना करा. वरच्या उदाहरणात 30 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. पहिल्या वर्षी गरज 3.6 लाख आणि व्याज 2.46 लाख, म्हणजे तूट 1.14 लाख राहते. खर्च दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर पाच वर्षांची तूट मिळून सुमारे 8 लाख होते. ते 8 लाख बँकेच्या एफडीत एक-एक वर्षाच्या तुकड्यांनी, दोन बँकांत ठेवा, कारण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंतच आहे. उरलेले 22 लाख इंडेक्स फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारा) किंवा बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडात (शेअर आणि रोखे यांचं प्रमाण बदलत ठेवणारा) टाका आणि त्यावर दरमहाची एसडब्ल्यूपी लावू नका.

दर एप्रिलला एकदाच बघायचं. फंडाची एनएव्ही मागच्या विक्रीच्या वेळेपेक्षा वर असेल, तर एका वर्षाची तूट विकून एफडीत भरा. खाली असेल तर हात लावू नका, एफडीच मोडा. पाच वर्षांचा साठा का? सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 20,800 च्या वर बंद झाला होता आणि ऑक्टोबरात 9,000 च्या खाली गेला. जुनी पातळी नोव्हेंबर 2010 मध्ये दिसली, जवळजवळ तीन वर्षांनी. 2020 मध्ये हेच काही महिन्यांत झालं, पण त्या भरवशावर राहू नये. ही रचना मोडते ती लोभाने: चांगल्या वर्षी एफडी भरायचं टाळून ‘आणखी वर जाईल’ म्हणत थांबतात, आणि मग पडत्या वर्षी एफडी रिकामी असते.

गरज महिन्याला 15,000 चीच असेल, तर पहिली पाच वर्षं ज्येष्ठ नागरिक योजना एकटीच पुरते, उरलेलं निवांतपणे वाढू द्या. गरज 45,000 ची असेल, तर 60 लाखांतून ती कुठल्याच मार्गाने सुरक्षित निघत नाही. खर्च कमी करणं, घरातली खोली भाड्याने देणं किंवा दोन-तीन वर्षं आणखी काम करणं, हे आधी बघावं लागेल. अ‍ॅन्युइटीत विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर हप्ता मिळतो, पण मुद्दल अडकतं आणि साध्या योजनेत हप्ता वाढत नाही. ज्यांच्या मागे हिशेब बघणारं कोणीच नाही, त्यांनी थोडा भाग तिथे ठेवावा.

नवरा-बायको दोघंही साठीचे असतील तर दोघांच्या नावे वेगवेगळी खाती काढा, मर्यादा प्रत्येकाला वेगळी मिळते. फंडाचं फोलिओ (फंडातलं खातं) ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या पद्धतीने ठेवा आणि विक्रीचा अर्ज एकदा पत्नीच्या हातून भरून घ्या, बँक खातं आणि मोबाइल नंबर तिचाही जोडलेला आहे ना, हे तेव्हाच कळतं.