विमानाचं इंजिन तापतंय, मग कार्बचा जेट मोठा करू की आधी बॅफल बघू?

विमान चढताना सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) ४३५ फॅरेनहाइटच्या वर जायला लागला की पहिला विचार येतो कार्बोरेटरचा, त्याचा जेट (फ्युएल जाणारं बारीक भोक) जरा मोठा केला की फ्युएल जास्त जाईल आणि हेड थंड राहतील. विचार चुकीचा नाहीये, पण भोक एकदा मोठं केलं की परत लहान होत नाही, म्हणून घाई नको. लायकॉमिंगच्या ओ-३२०, ओ-३६० या इंजिनांची रेडलाइन (कमाल मर्यादा) ५०० असली तरी कंपनी स्वतःच म्हणते की जोरात क्रूझ करताना ४३५ च्या खाली ठेवा आणि इंजिन जास्त टिकायला हवं असेल तर ४०० च्या खाली.

आधी बघा नक्की कोण तापतंय. एकच सिलिंडर गरम आणि बाकीचे ठीक असतील तर बहुतेक वेळा भानगड हवेची असते, म्हणजे बॅफलची (हवा सिलिंडरवरून वळवणारे पत्रे) रबर सील बाहेर वळलेली, कोपऱ्यात फट राहिलेली, सिलिंडरच्या मधला पत्रा सैल झालेला. सीलची कड आतल्या बाजूला वळलेली पाहिजे म्हणजे हवेच्या दाबानेच ती काउलला (इंजिनवरच्या झाकणाला) चिकटून बसते. हे काम कंटाळवाणं आहे पण चढताना, क्रूझला, सगळीकडे फायदा देतं आणि फ्युएल एक थेंबही जास्त लागत नाही. माझा कौल सुरुवातीला कायम यालाच.

सगळेच सिलिंडर गरम असतील तर मग ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं तापमान) पण बघा. सीएचटी जास्त आणि ईजीटी नेहमीपेक्षा कमी, असं असेल तर मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी देणारा भाग) टायमिंग पुढे गेलंय का ते तपासा, तिथे जेट वाढवून फक्त दुखणं झाकलं जाईल. दोन्ही जास्त असतील तर मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने फ्युएल कमी) आहे, आणि इथे जेटचा मुद्दा खरा होतो. फ्लो मीटर असेल तर अजून सोपं, समुद्रसपाटीजवळ फुल थ्रॉटल फुल रिचला (मिक्श्चरमध्ये फ्युएल जास्तीत जास्त) ढोबळमानाने हॉर्सपॉवर भागिले दहा इतके गॅलन तासाला लागतात, म्हणजे १८० एचपीला १६ ते १८ गॅलन, साधारण ६० ते ६८ लिटर. तुमचं १३-१४ वरच अडकत असेल तर इंजिनला खरंच कमी मिळतंय. सीएचटी सगळ्यात जास्त कुठे असतो, तर पीक ईजीटीच्या साधारण ४० डिग्री रिच बाजूला, त्यामुळे टेकऑफला त्याच्यापासून बरंच लांब, २०० डिग्री किंवा जास्तच रिच असायला हवं.

जेट वाढवताना एक हिशोब लक्षात ठेवा, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे व्यास २ टक्के वाढवला की भोक ४ टक्के मोठं. म्हणून अगदी बारीक पायरीने जायचं, मूळ जेट बाजूला जपून ठेवायचा आणि प्रयोग दुसऱ्यावर करायचा. जास्त झालं की प्लग काळे पडतात आणि गरम दिवशी उंच रनवेवर पॉवर उलट कमी होते, क्रूझला मात्र मिक्श्चरच्या नॉबने लीन करता येतं. आयडलचं सर्किट वेगळं असतं, तिथे फारसा फरक पडत नाही. आणि हो, हे सगळं एक्सपेरिमेंटल विमानासाठी, सर्टिफाइड असेल तर स्वतः ड्रिल लावायचा नाही, त्या इंजिनला मंजूर असलेल्या पार्ट नंबरचाच कार्ब बसलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्यायचं, कारण चुकीचा कार्ब बसलेला असणं हेही एक कारण असू शकतं.

रोटॅक्स ९१२ वाल्यांचं गणित जरा वेगळं, बिंग कार्बमध्ये मधल्या थ्रॉटलला नीडलच्या क्लिपची जागा चालते आणि मेन जेट फक्त फुलच्या आसपास, शिवाय हेड पाण्याने थंड होतात, त्यामुळे तिथे आधी रेडिएटर आणि कूलंट बघा.

बॅफल आणि जेट या दोन्हीच्या आधी एक फुकटातला उपाय करून बघाच, चढताना नाक थोडं खाली ठेवून १० नॉट जास्त घ्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडा राहू द्या. काही कार्बमध्ये फुल थ्रॉटललाच जादा फ्युएल देणारा रस्ता उघडतो, इंजिनची काळजी म्हणून टेकऑफनंतर थ्रॉटल जरासा मागे घेतला की तो बंद होतो आणि हेड उलट जास्त तापतात.